पेन्सिलीच्या नोंदी कुठे जातात?

सतरा वर्षं मी एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात होते. त्यानंतर बारा वर्षं ग्रंथालयांना संगणकप्रणाली पुरवणाऱ्या एका कंपनीच्या मदतकक्षात फोन घेतले. या सदराला या महिन्यात आलेली वाचकांची बहुतेक पत्रं या दोन टेबलांवरची आहेत, म्हणून सगळी एकत्र घेतली आहेत.

ताई, आमच्या ग्रंथालयात गेल्या वर्षी नवी क्लाउड प्रणाली आली. जुनं सॉफ्टवेअर बंद झालं आणि आता तालिकापत्रांची, म्हणजे पुस्तकसूचीच्या कार्डांची, कपाटंही काढायचं ठरलंय. नव्या पडद्यावर एकच शोधपेटी आहे. वाचक काहीतरी टाइप करतात, एकतर हजारो निकाल येतात किंवा एकही येत नाही, आणि ते तसेच परत जातात. सव्वीस वर्षं तालिकीकरण केल्यावर आता माझ्या ज्ञानाचा उपयोग संपला असं वाटतं. कपाटं वाचवण्यासाठी भांडू का?
*– एक ग्रंथपाल*

कपाटांसाठी भांडू नका. कपाटांत जे आहे त्यासाठी भांडा.

आमच्याकडे नव्वदच्या दशकात तालिका संगणकावर चढवली, तेव्हा टंकलेखनाला आलेल्या मुलांनी पत्राच्या पुढच्या बाजूचं सगळं नीट उतरवलं. लेखक, शीर्षक, वर्गांक (विषयानुसार पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक), दाखल अंक, काही सुटलं नाही. पण आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी पत्रांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं बरंच काही लिहून ठेवलं होतं. ‘हे लेखक दुसऱ्या नावानंही लिहितात, तिकडे पाहा.’ ‘दुसऱ्या आवृत्तीत नकाशे गाळलेत.’ ‘खंड ३ बांधणीत खंड ५ बरोबर गेला आहे.’ मागची बाजू कुणी उलटून पाहिली नाही, कारण आम्हीच ती पाहायला सांगितलं नाही. पत्रं रद्दीत गेली. काही महिन्यांनी एक अभ्यासक आले आणि मी पडद्यावर दिसली ती आवृत्ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी पंधरा दिवस तिच्यावर काम केलं आणि मग येऊन विचारलं, ‘बाई, यात नकाशे का नाहीत?’ ते ज्यांना ठाऊक होतं त्या सहकारी निवृत्त झाल्या होत्या, आणि त्यांचं अक्षर रद्दीत गेलं होतं. ही चूक माझी होती. मला ती आजही बोचते.

म्हणून आधी प्रत्येक पत्राची मागची बाजू पाहा. सगळी पत्रं टंकायची नाहीत, पेन्सिलीचं लिखाण असलेली तेवढी बाजूला काढायची. आमच्यासारखाच तुमचा संग्रह असेल तर ती थोडीच निघतील. मग प्रत्येक नोंदीला नव्या प्रणालीत जागा द्यायची. तुमची प्रणाली मार्कवर, म्हणजे ग्रंथनोंदी संगणकात ठेवायच्या ठरीव रचनेवर, चालत असेल तर त्या जागा, म्हणजे क्रमांक दिलेली फील्डं, ठरलेल्या आहेत. आवृत्तीबद्दलची टीप ५०० मध्ये, शीर्षकाचं दुसरं रूप २४६ मध्ये. लेखकाचं दुसरं नाव पुस्तकाच्या नोंदीत नव्हे, तर प्रमाणित नामसूचीत (लेखकांच्या नावांची ठरीव रूपं ठेवणाऱ्या वेगळ्या यादीत) ४०० मध्ये. तुमच्याच प्रतीपुरती गोष्ट, म्हणजे बांधणी, गहाळ पानं वगैरे, ५९० मध्ये. शेवटचं फील्ड स्थानिक वापरासाठी मोकळं ठेवलेलं असतं, म्हणून स्थलांतरात आधी तेच गळतं. माझ्या मदतकक्षाच्या वर्षांत ‘आमच्या टिपा कुठे गेल्या?’ असे जेवढे फोन आले, त्यांतले बरेचसे ५९० चे होते. विक्रेत्याला आजच लेखी विचारा की जुनं कोणतं फील्ड नव्यात कुठे गेलं. तशी तक्ता-यादी त्यांच्याकडे असतेच. मागितल्याशिवाय मात्र मिळत नाही.

हेन्रिएट ॲव्रम यांनी १९६०च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मार्क घडवलं. त्या मूळच्या संगणक प्रोग्रॅमर होत्या, ग्रंथपाल नव्हत्या. पत्रावरचा प्रत्येक शब्द तिथे का आहे हे त्यांनी तालिकाकारांकडून समजून घेतलं, आणि म्हणून ती रचना इतकी वर्षं टिकली. ज्यांना का ते ठाऊक आहे, त्या तुम्ही आहात. तुमच्या सव्वीस वर्षांचं मोल तिथेच आहे.

आता शोधपेटी. प्रणालीत शोधांची नोंद ठेवता येत असेल तर एका महिन्याची नोंद मागवा आणि शून्य निकाल आलेले शब्द वेगळे काढा. मी असली यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाचकांबद्दल इतक्या वर्षांत कळलं नव्हतं ते एका दुपारी कळलं. ते विषयशीर्षकाचे, म्हणजे तालिकेत विषयासाठी ठरवलेले, शब्द वापरत नाहीत, घरातले शब्द वापरतात. ते घरातले शब्द ‘पाहा’ म्हणून ठरलेल्या शब्दांना जोडत चला.

मराठी नोंदींत आणखी एक गोष्ट तपासा, जी विक्रेत्याच्या लक्षात सहसा येत नाही. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टाइप होतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, र खाली नुक्ता देऊनही तेच दिसतं, आणि र, हलन्त आणि मधला अदृश्य जोडक घालूनही पडद्यावर तीच आकृती उमटते. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. शोधाआधी ही रूपं एकसारखी करून घेतली नसतील तर एका रूपात नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्या रूपात शोधणाऱ्याला ‘आढळलं नाही’ म्हणून सांगितलं जातं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या नोंदी तर नव्या प्रणालीत रोमन अक्षरांचा चिवडा होऊन बसतात. त्या शोधा. हे काम तुमच्याशिवाय तिथे कुणी करणार नाही.

तालिकेची एक पूर्ण प्रत दर महिन्याला उतरवून आपल्या ताब्यात ठेवा, क्लाउडवर कितीही भरवसा असला तरी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला आणि मुख्य तालिका वाचकांना पुन्हा ऑनलाइन दिसायला जानेवारी २०२४ उजाडला. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत झाली.

आणि हो, कपाटं जाऊ द्या. ओसीएलसी या ग्रंथालयांसाठीच्या अमेरिकी संस्थेनं १९७१ पासून एक अब्ज नव्वद कोटींवर तालिकापत्रं छापली आणि १ ऑक्टोबर २०१५ ला शेवटची छापून ते काम थांबवलं. पत्रं परत येणार नाहीत.

ताई, मी चोवीस वर्षांचा आहे. चॅट सपोर्टला काम करतो. सहा महिन्यांपूर्वी बॉट आला. सोपे प्रश्न तो घेतो आणि माझ्याकडे येणारा माणूस बॉटशी वीस मिनिटं झगडून, चिडूनच येतो. एएचटीचं, म्हणजे एका चॅटला लागणाऱ्या सरासरी वेळेचं, टार्गेट मात्र तेच आहे. टीएल (टीम लीडर) रोज विचारतो, वेळ का वाढतोय? मला वाटायला लागलंय की हे काम मला जमत नाही.
*– एक वाचक*

काम तुम्हाला जमतंय. तुम्हाला मोजायची पट्टी जुनी झाली आहे.

हिशेब करून पाहा. समजा पूर्वी दिवसाला शंभर चॅट यायचे. त्यातले सत्तर पासवर्ड, पत्ता बदल असे तीन मिनिटांत सुटणारे, आणि तीस बारा मिनिटं खाणारे. एकूण पाचशे सत्तर मिनिटं, सरासरी ५.७. आता ते सत्तर बॉटनं घेतले. उरलेले तीस तुम्ही पूर्वीइतक्याच वेगानं सोडवले तरी सरासरी बाराची होणार. तुमच्यात काही बदललं नाही आणि आकडा दुप्पट झाला. टीएलला ‘मला त्रास होतो’ म्हणून सांगू नका, ही बेरीज दाखवा. आपल्या मागच्या आठवड्याची तिकिटं दोन रकान्यांत लिहा: बॉटकडून आलेली आणि थेट आलेली. टीएलवर वरून तोच दबाव असतो. तुमचा कागद त्यालाही वर दाखवायला उपयोगी पडेल.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. बॉटनं चुकीचं सांगितलेलं उत्तर तुमच्यासमोर आलं की ते टिपून ठेवा. तारीख, ग्राहकाचा मूळ प्रश्न, बॉटचं उत्तर, खरं उत्तर. बॉट बहुतेक वेळा कंपनीच्याच मदत-लेखांतून उचलून बोलतो. लेख शिळा असला की उत्तर शिळं, पण सूर ठाम. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणानं असाच एक वाद निकाली काढला. विमान कंपनीच्या चॅटबॉटनं शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल प्रवाशाला चुकीचं सांगितलं होतं. आपल्या बोलण्याची जबाबदारी बॉटची स्वतःची आहे, असा कंपनीचा पवित्रा होता. न्यायाधिकरणानं तो मानला नाही आणि भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. म्हणजे तुमची यादी कंपनीच्या खूप कामाची आहे.

ही यादी करायची सवय मला एका चुकीनं लागली. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) दहा अंकांवरून तेरा अंकांवर गेला. मी ज्या मदतकक्षात होते तिथल्या प्रणालीच्या एका जुन्या आवृत्तीत तो रकानाच दहा अंकांचा होता. ग्रंथालयांतून फोन यायला लागले की नवी पुस्तकं चढत नाहीत. आमच्या तयार उत्तरांत लिहिलं होतं, ‘क्रमांक पुन्हा तपासून भरा.’ मी ते वाचून दाखवत होते, समोरचा ‘बरं’ म्हणत होता, आणि मी तिकीट ‘सोडवलं’ म्हणून बंद करत होते. अकरा तिकिटं मी अशी बंद केली. बारावा फोन एका ग्रंथपाल बाईंचा होता. त्या म्हणाल्या, ‘मी एकेक आकडा वाचते, तुम्ही मोजा.’ मी बोटांवर मोजले, तेरा भरले. त्या दिवशी मी आधीच्या अकराही ग्रंथालयांना उलट फोन केले. सातांनी तोवर तीन आकडे गाळून भरायला सुरुवात केली होती.

ती अकरा तिकिटं बंद करताना माझा एएचटी फार चांगला होता.

तुमच्या हातात आहे असं एक शेवटचं सांगते. चॅट तुमच्याकडे आला की आधी बॉटबरोबरचा संवाद पूर्ण वाचा, भले त्यात दीड मिनिट जावो. मग ‘मी आपली काय मदत करू?’ हे टाकू नका. ‘तुमचा परतावा बारा दिवस अडकला आहे आणि तुम्ही पावती दोनदा पाठवली आहे, हे मी वाचलं,’ असं लिहा. निम्मा राग तिथे उतरतो. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार, याचीच माणसाला खरी चीड असते.

ताई, ज्या सेवेत मी नऊ वर्षं वाचनटिपणं आणि दुवे साठवले, ती दोन महिन्यांत बंद होणार असा मेल आला आहे. काय करू?
*– एक शिक्षिका*

आज रात्रीच सगळं उतरवून घ्या, शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची झुंबड उडते. गूगल रीडर बंद होणार हे मार्च २०१३ मध्ये जाहीर झालं आणि १ जुलैला ते बंद झालं. जिओसिटीजवरची लोकांनी हातानं उभारलेली पानं २००९ मध्ये गेली. अडोबीनं फ्लॅशला २०२० अखेरपर्यंत साडेतीन वर्षांची मुदत दिली होती, तरी कितीतरी जणांचे धडे आणि खेळ त्यात अडकून राहिले.

उतरवलेली फाइल साध्या रूपात हवी. टिपणं मजकूर किंवा एचटीएमएलमध्ये, यादी सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये. जोडलेली चित्रं आणि पीडीएफ त्यात आपोआप येतात असं धरून चालू नका. ती बऱ्याचदा वेगळी उतरवावी लागतात. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडा, मधलं कुठलंही टिपण काढा आणि मराठी मजकूर शाबूत आहे का बघा. हे पाहिल्याशिवाय खातं बंद करू नका.

दुव्यांचं वेगळं आहे. दुवा म्हणजे फक्त पत्ता, घर नव्हे. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. जे दुवे तुम्ही वर्गात खरोखर वापरता, तेवढे इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. पानाचा पत्ता दिला की ते त्याची प्रत ठेवतं. आणि प्रत्येक दुव्यापुढे तो का ठेवला हे एका ओळीत लिहा. नऊ वर्षांचे सगळे लिहून होणार नाहीत, पन्नास झाले तरी पुरे.

बॉटच्या मागे दडलेला माणूस ग्राहकानं गाठायचा कसा?
*– एक ज्येष्ठ वाचक*

एका संदेशात एकच तक्रार लिहा. पहिल्या ओळीत क्रमांक आणि तारीख, दुसरीत काय हवं, तिसरीत आतापर्यंत काय करून पाहिलं. तिकीट क्रमांक मागून घ्या, पडद्याचा फोटो ठेवा. उत्तर आलं नाही तर नवी तक्रार टाकू नका, त्याच धाग्यात पुन्हा लिहा. नवी तक्रार रांगेच्या शेवटी जाते आणि पहिलीचा इतिहास तिच्याबरोबर येत नाही.

मी प्रबंधाची तयारी करते आहे. एआय चॅटबॉटनं सहा संदर्भ दिले. ग्रंथालयातल्या मॅडमना चार मिळाले. उरलेले दोन अस्तित्वातच नाहीत असं त्या म्हणतात. पण लेखक खरे आहेत, नियतकालिकही खरं आहे! मॅडम नीट शोधत नसतील का?
*– एक विद्यार्थिनी*

मॅडमचं बरोबर दिसतं. त्यांनी तुमच्या दोन संदर्भांवर बहुधा उरलेल्या चारांपेक्षा जास्त वेळ घालवला असेल, कारण एखादी गोष्ट नाही हे सांगायला ती आहे हे सांगण्यापेक्षा जास्त शोधावं लागतं.

चॅटबॉट आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द रचत जातो. संदर्भाचा साचा ठरलेला असतो: नाव, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पानं. त्यामुळे खरा लेखक, खरं नियतकालिक आणि कधीच न लिहिलेला लेख असं सहज जुळून येतं. तपासायचं असेल तर डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) डीओआय संस्थेच्या संकेतस्थळावर टाका, तो उघडला तर तिथे खरंच तोच लेख आहे का बघा. पुस्तक वर्ल्डकॅटमध्ये, जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित तालिकेत, शोधा. सगळ्यात पक्की खूण म्हणजे नियतकालिकाचा तो खंड काढायचा आणि सांगितलेल्या पानांवर काय छापलंय ते पाहायचं. तिथे दुसराच कुणाचा लेख असेल, तर विषय संपला.

साधन टाकून द्या असं मी म्हणत नाही. तुमच्या विषयाला दुसरे कोणते शब्द आहेत, तो कोणत्या ज्ञानशाखांत येतो, हे त्याला विचारा आणि ते शब्द घेऊन तालिकेत शोधा. आणि पुढच्या वेळी मॅडमना पहिल्याच वाक्यात सांगा की ही यादी चॅटबॉटची आहे. त्यांचा तासभर वाचेल. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची जी पाच सूत्रं मांडली त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. वाचकानं ग्रंथपालाचा वाचवला तर तोही पुढच्या वाचकाच्याच कामी येतो.

आमच्या ग्रंथालयाच्या समितीत संदर्भ टेबलावर माणसाऐवजी चॅटबॉट ठेवायचा प्रस्ताव आहे. विचारलेले बहुतेक प्रश्न ‘अमुक पुस्तकं कुठे?’ एवढेच असतात, असा आकडा पुढे केला जातो. सदस्य म्हणून मी काय म्हणू?
*– समितीचा एक सदस्य*

तो आकडा खरा असेल. पण तो वाचकाच्या पहिल्या वाक्याचा आकडा आहे.

एका संध्याकाळी, बंद व्हायच्या वेळेला, एक बाई आल्या आणि विचारलं, ‘बागकामाची पुस्तकं कुठे आहेत?’ उत्तर सोपं होतं. वर्गांक ६३५, डावीकडचं तिसरं कपाट. तसं सांगून मी नोंदवहीत एक खूण केली असती आणि ती तुमच्या आकड्यात जमा झाली असती. पण त्यांच्या हातात रुमाल होता आणि तो त्यांनी फार घट्ट धरला होता. मी विचारलं, ‘काय शोधताय?’ त्यांनी रुमाल उघडला. आत एक चुरगळलेलं पान होतं. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलानं ते चावलं होतं आणि हे झाड विषारी आहे का ते त्यांना पाहायचं होतं.

विषशास्त्राची पुस्तकं ६१५.९ ला, दुसऱ्या मजल्यावर होती. आम्ही तिकडेही गेलो नाही. मी त्यांना टेबलाच्या आत घेतलं, रुग्णालयाला फोन लावून दिला, आणि त्या बोलत असताना माझी सहकारी वनस्पतींचा चित्रकोश घेऊन आली. पानाचा आकार, कडा, शिरा ती वाचून दाखवत होती आणि बाई ते फोनवर सांगत होत्या. मूल बरं झालं. त्या सांगायला आल्या, तेव्हा मुलाला घेऊन आल्या.

समितीत हे सांगा, आणि प्रस्ताव असा बदलून मांडा: वेळापत्रक, नूतनीकरण, पुस्तक कोणत्या कपाटात, हे बॉटला द्या. पण त्याच्या प्रत्येक उत्तराखाली ‘माणसाशी बोला’ हा पर्याय पहिल्या पडद्यापासून दिसायला हवा, तीन प्रश्नांनंतर नव्हे. आणि टेबलावरची खुर्ची भरलेली राहू द्या. तिथे बसणाऱ्याला बॉटमुळे मोकळा झालेला वेळ मिळेल, आणि तो वेळ वाचकाला दुसरा प्रश्न विचारण्यासाठी कामी येईल.